ग्रुप पुन्हा पुन्हा का पसरतो : रायफलीचे बॅरल, सफाई आणि गोव्याची हवा

चवथ आटोपली, पावसाचा जोर ओसरला आणि नेमबाजीचा सराव पुन्हा नियमित सुरू झाला की एक तक्रार दरवर्षी कानावर येते. मे महिन्यापर्यंत पन्नास मीटरवर एका जागी पडणाऱ्या गोळ्यांचा पुंजका, म्हणजे ग्रुप, आता पसरू लागला आहे. बॅरल (रायफलीची नळी) साफ केले तरी फरक पडला नाही. पुन्हा घासून साफ केले तर उलट जास्तच बिघडले. मग ओघानेच प्रश्न येतो की बॅरल नेमके किती गोळ्यांनंतर साफ करावे.

या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण ‘सफाई’ या नावाखाली आपण दोन निराळी कामे करत असतो. एक काम नेम टिकावा म्हणून आतला मळ काढण्याचे आणि दुसरे पोलाद गंजू नये म्हणून ते जपण्याचे. पहिले काम बहुतेक जण गरजेपेक्षा जास्त वेळा करतात. दुसरे, निदान गोव्यात, गरजेपेक्षा फारच कमी वेळा होते. तक्रार घेऊन येणाऱ्या रायफलींपैकी बऱ्याच रायफलींची अडचण या अदलाबदलीत असते.

पुढील विवेचन मुख्यतः .२२ लाँग रायफल काडतुसाच्या रायफलीबद्दल आहे. एनसीसीच्या छात्रांपासून ऑलिंपिकच्या नेमबाजांपर्यंत हेच काडतूस वापरले जाते. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, तेही याच काडतुसावर. त्या प्रकारात पन्नास मीटरवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. एवढ्याशा जागेचा हिशेब असल्यामुळे बॅरलच्या आत काय साचले आहे याला महत्त्व येते.

आत नेमके काय साचते

.२२ ची गोळी शिशाची असते आणि तिच्यावर मेण किंवा ग्रीस यांचा पातळ लेप असतो. गोळी सुटते तेव्हा हा लेप बॅरलच्या आतल्या पृष्ठभागावर पसरतो, आणि त्यात जळलेल्या दारूची काजळी व किंचित शिसे मिसळते. या थराला मळ म्हटले जात असले तरी तो मर्यादेत असेपर्यंत उपकारकच असतो, कारण प्रत्येक गोळी जवळपास सारख्याच पृष्ठभागावरून सरकते. बॅरल रसायनाने पूर्ण कोरडे, चकचकीत केले की हा थर जातो आणि पुढच्या गोळ्यांना तो नव्याने तयार करावा लागतो. तोवर प्रत्येक गोळीला भेटणारा पृष्ठभाग आधीच्या गोळीहून वेगळा असतो. साफ केल्यावर पहिल्या दहा-वीस गोळ्या भलतीकडे जातात त्या यामुळे. काही बॅरल पाच-सहा गोळ्यांत स्थिरावतात, काहींना एक अख्खी पन्नासची पेटी लागते. आपल्या बॅरलला किती लागतात हे एकदा कागदावर मोजून नोंदवून ठेवावे, म्हणजे स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी घासून साफ करण्याचा मोह होणार नाही.

गोळीचा ब्रँड बदलला तरीही असेच होते. दोन कंपन्यांचे लेप सारखे नसतात. जुन्या लेपावर नवी गोळी बसायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात ‘ही गोळी माझ्या रायफलीला चालत नाही’ असा निकाल दिला जातो. नवी गोळी तपासायची असेल तर आधीचा लेप पुसून काढावा, नव्या गोळीच्या वीस-पंचवीस फैरी झाडाव्यात आणि मगच मोजायचा ग्रुप मारावा.

खरा उपद्रव करणारा मळ बॅरलभर नसतो. तो चेंबर (काडतूस बसते ती जागा) संपून राइफलिंगचे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे, आटे सुरू होतात त्या जागी साचतो. .२२ च्या काडतुसात टोपी वेगळी नसते. पेटणारा मसाला तळाच्या कडेतच भरलेला असतो, आणि ठोका बसताच तो पेट घ्यावा म्हणून त्यात काचेची बारीक पूड मिसळण्याची पद्धत आहे. ही पूड, काजळी आणि मेण यांचे मिळून चेंबरच्या पुढे एक कडक कडे तयार होते. याला कार्बन रिंग म्हणतात. ती वाढली की गोळी आट्यांत शिरण्याआधीच चेपली जाते, आणि प्रत्येक गोळी थोडी वेगळी चेपली जाते. हाताला याची खूण लागते : बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद करताना शेवटच्या टप्प्यावर पूर्वी नसलेला जडपणा जाणवतो. न झाडलेले काडतूस बाहेर काढून पाहिले तर गोळीच्या पुढच्या भागावर आट्यांच्या खुणांव्यतिरिक्त एक गोलाकार ओरखडाही दिसतो. तो दिसला तर कडे तयार झाले आहे असे धरून चालावे.

सफाईकडे वळण्याआधी

ग्रुप पसरला की पहिला संशय बॅरलवर जातो. तो शेवटी जायला हवा. पावसाळ्यानंतर तर विशेषच, कारण लाकूड. अक्रोडाच्या किंवा इतर लाकडाच्या स्टॉकचे (बॅरल ज्यात बसवतात त्या दस्त्याचे) लाकूड जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा पिते, थोडे फुगते आणि काही ठिकाणी बॅरलला टेकू लागते. ज्या रायफलीचे बॅरल पुढच्या भागात स्टॉकपासून सुटे ठेवलेले असते, तिच्यात हा स्पर्श थेट नेमावर येतो. बॅरल तापले, स्लिंग (हाताला आधार देणारा पट्टा) ताणली किंवा पकड बदलली की गोळीही बदलते. तपासणी सोपी आहे. शंभराची नोट दुहेरी घडी करून बॅरल आणि स्टॉक यांच्यामधून पुढून मागे ओढत न्यावी. मेमध्ये विनासायास सरकणारी नोट ऑक्टोबरात मध्येच अडत असेल, तर बॅरल हजार वेळा साफ केले तरी ग्रुप परत येणार नाही.

त्यानंतर स्टॉकला अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो धातूचा भाग) जोडणारे स्क्रू पाहावेत. लाकूड फुगले-आकसले की त्यांचा ताण बदलतो. ते किती ताणायचे हे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्यासाठी टॉर्क रेंच वापरावा; अंदाजाने आवळलेला स्क्रू हा स्वतःच एक नवा बिघाड असतो. मग साइटचे किंवा टेलिस्कोपचे माउंट. टेलिस्कोपच्या भिंगावर आतून बुरशीची जाळी धरली आहे का, तेही उजेडासमोर धरून पाहावे. कॅमेऱ्याच्या लेन्सचे जे पावसाळ्यात होते तेच याचेही होते. गोळ्यांच्या पेटीवरचा लॉट क्रमांक मेमधलाच आहे का? नसेल तर तुलना मुळातच चुकीची आहे.

ग्रुपच्या आकारावरूनही काही कळते. सगळा ग्रुप एकसंध राहून दुसरीकडे सरकला असेल तर बॅरलच्या मळाचा त्यात हात क्वचितच असतो. तिथे स्टॉक, स्क्रू किंवा साइट पाहावी. आठ गोळ्या एकत्र आणि दोन लांब असे दिसले तर गोळ्यांची प्रत किंवा नेमबाज स्वतः, हे आधी तपासावे. मात्र ग्रुप सर्व बाजूंनी हळूहळू, दोन-तीन सत्रांत, थोडा थोडा वाढत गेला असेल आणि बाकी सगळे जागच्या जागी असेल, तर मळ किंवा गंज यांचा विचार करण्याची वेळ आली. पाच गोळ्यांच्या एका ग्रुपवर यातले काहीही ठरवू नये. एकाच रायफलीचे, एकाच पेटीतल्या गोळ्यांचे पाच-पाचचे दोन ग्रुप एकमेकांपेक्षा बरेच लहान-मोठे येऊ शकतात. दहा गोळ्यांचे निदान तीन-चार ग्रुप मारावेत आणि तेही वाऱ्याचा जोर सारखा असताना.

गंजाचे वेगळे गणित

पोलादाचा गंज हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास गेली की झपाट्याने वाढू लागतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती ८५ टक्क्यांच्या वरच असते. त्यात किनाऱ्यावरच्या हवेत मीठ. सोडियम क्लोराइड, म्हणजे साधे मीठ, सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. बॅरलच्या तोंडावर बसलेला मिठाचा कण एकदा ओला झाला की पावसाळाभर ओलाच राहतो, आणि त्याच्याखाली पोलाद पोखरले जाते. त्यामुळे दिल्ली-पुण्याच्या नेमबाजाने दिलेला ‘पाचशे गोळ्यांपर्यंत हातही लावू नकोस’ हा सल्ला नेमाच्या दृष्टीने बरोबर असला, तरी कळंगुट किंवा कोलव्याच्या घरात तो जसाच्या तसा पाळला तर बॅरल जाईल. स्टेनलेस स्टीलच्या बॅरलवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. बॅरलसाठी वापरतात ते स्टेनलेस स्वयंपाकघरातल्या डब्याच्या प्रतीचे नसते आणि खाऱ्या हवेत त्यालाही ठिपके पडतात.

याशिवाय एक कारण असे आहे की ते घरोघरी असूनही कोणाच्या ध्यानात येत नाही. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून काढलेली थंड रायफल बाहेरच्या दमट हवेत आली की तिच्यावर दव धरते. बाहेरून ते दिसते आणि आपण पुसतो. बॅरलच्या आतही तेवढेच दव धरलेले असते, ते कोणी पुसत नाही. अशा वेळी रायफल पिशवीतच बंद ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच उघडावी. घरी परतताना उलट क्रम असला तरी काळजी तीच : सत्र संपल्यावर एक कोरडी चिंदी आणि एक तेलाची चिंदी बॅरलमधून गेल्याशिवाय रायफल कपाटात जाऊ नये.

गंज लागला आहे की नाही हे चिंदी सांगते, पण ती नीट पाहावी लागते. पांढऱ्या कापडावर नुसती काळी-करडी काजळी उमटली तर काळजीचे कारण नाही. चंदेरी, पातळ, नखाने उचलता येतील असे तुकडे दिसले तर शिसे सुटते आहे. चिंदीच्या कडेला किंवा मधोमध विटकरी-तांबूस रेघ आली, तिला तेल लावून चोळल्यावर ती पसरून गेरूसारखी झाली, आणि दुसऱ्या दिवशी नव्या चिंदीवर पुन्हा तीच आली, तर गंज बसला आहे. असाच डाग आणखी कुठे दिसतो ते पाहायचे असेल तर चामड्याच्या जुन्या खोळीत ठेवलेली रायफल उघडून पाहावी. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि त्याने शोषलेला ओलावा यांमुळे खोळीचा टाका जिथे नळीला टेकतो, तिथे बरोबर त्या टाक्याच्या ओळीत बारीक तांबडे ठिपके पडलेले असतात. खोळ आणि आतून स्पंज असलेली पेटी ही ने-आण करण्यासाठी आहे. साठवणुकीसाठी कोरडे कपाट हवे. त्यात सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात आणि रंग बदलल्यावर त्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात.

आता प्रत्यक्ष किती वेळा

सत्रानंतर, मग पन्नास गोळ्या झाडलेल्या असोत की दोनशे, एक किंवा दोन चिंद्या ब्रीचकडून (बॅरलच्या मागच्या टोकाकडून) मझलकडे (तोंडाकडे) ओढाव्यात : पहिली हलक्या सॉल्व्हंटची (मळ विरघळवणाऱ्या द्रवाची), दुसरी पातळ तेलाची. ही झाली जपणूक. हिने लेपाचा थर पुरता जात नाही आणि पुढच्या वेळी थोड्या गोळ्यांत बॅरल पुन्हा जागेवर येते. पावसाळ्यात रायफल वापरात नसेल तरी आठवड्याला एकदा तेलाची चिंदी फिरवावी. नारळाचे तेल वापरू नये, ते कालांतराने चिकट होते. शिलाई मशीनचे तेल अडीअडचणीला चालते. डब्ल्यूडी-४० पाणी हटवण्यासाठी चांगले असले तरी त्याचा थर विरळ असतो. चार महिन्यांच्या पावसाळ्यासाठी त्यावर विसंबू नये.

चेंबरपुढच्या कड्यासाठी तीनशे ते पाचशे गोळ्यांनंतर, किंवा बोल्ट जड लागल्यास त्याआधीच, ब्राँझच्या ब्रशला सॉल्व्हंट लावून फक्त सुरुवातीच्या दोन-तीन इंचांत काही फेऱ्या माराव्यात, थोडा वेळ थांबून चिंदीने पुसावे आणि पुढे जाऊ नये. संपूर्ण बॅरल ब्रशने घासण्याची गरज, माझ्या मते, वर्षातून एक-दोनदाच आणि तीही ग्रुपने मागितली तरच. याविषयी नेमबाजांत दोन तट आहेत आणि दोन्हीकडे पदके आहेत. बॅरलगणिक फरक इतका असतो की दुसऱ्याचा आकडा उसना घेण्यापेक्षा स्वतःच्या वहीत गोळ्यांची एकूण संख्या आणि त्या दिवशीचा ग्रुप यांचे दोन रकाने आखणे जास्त उपयोगी पडते. त्या वहीत सहा महिन्यांत जो आकडा दिसतो तो आपला.

साफ करताना होणारे नुकसान मात्र मळाच्या नुकसानापेक्षा मोठे असू शकते. मझलची कड, जिला क्राउन म्हणतात, ती गोळीने सोडलेली शेवटची जागा असते. तिथे एका बाजूला झीज झाली तर बाहेर पडताना वायू एकीकडून आधी निसटतो आणि गोळी कलते. जोडाजोडीचा तीन तुकड्यांचा लोखंडी रॉड मझलकडून घालून मागेपुढे हापसणे हा क्राउन बिघडवण्याचा हमखास मार्ग आहे. रॉड अखंड, लेप दिलेला, मूठ फिरणारी असा असावा, ब्रीचकडून बोअर गाइडमधून (रॉड मधोमध ठेवणाऱ्या नळीतून) घालावा, आणि चिंदी मझलबाहेर आल्यावर तिथेच काढून टाकावी, परत आत ओढू नये. एनसीसीत शिकवलेला पुलथ्रू (चिंदी ओढायची दोरी) त्यासाठी आजही उत्तम आहे, फक्त दोरी बॅरलच्या कडेला घासू न देता सरळ ओढावी आणि दोरीवर वाळूचा कण नाही याची खात्री करावी. कामाला हात घालण्याआधी बोल्ट काढून चेंबर रिकामे आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

१० मीटर एअर रायफलला यातले बहुतेक काही लागू होत नाही. तिथे दारू जळत नाही, काजळी नसते, ब्रश आणि सॉल्व्हंट दोन्ही वर्ज्य. पाचशे पेलेटचा एक डबा संपला की फेल्टचे दोन-तीन बोळे हवेच्या दाबानेच झाडावेत, पुरते. तांब्याचे आवरण असलेल्या गोळ्यांच्या मोठ्या रायफलींत बॅरलमध्ये तांबे साचते, त्याला अमोनियायुक्त सॉल्व्हंट लागते आणि चिंदीवर निळसर हिरवा रंग येतो. पितळी जॅगमुळेही (रॉडच्या टोकाला चिंदी धरणाऱ्या तुकड्यामुळेही) तोच रंग येतो, म्हणून तिथे नायलॉनचा किंवा निकेल मुलाम्याचा जॅग घ्यावा आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ सॉल्व्हंट आत ठेवू नये.

शेतीच्या बंदुकी आणि आचारसंहिता

सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत रानडुकरे आणि माकडांपासून पीक राखण्यासाठी परवान्याच्या बंदुकी आहेत. निवडणूक जाहीर झाली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि आचारसंहिता उठेपर्यंत त्यांना आपला हात लागत नाही. परत मिळाल्यावर ‘नेम गेला’ ही तक्रार जवळपास ठरलेली. उपाय जमा करण्याआधीचा आहे : नळी पुसून आतून-बाहेरून जाड तेलाचा किंवा ग्रीसचा हात द्यावा, मझलला बूच किंवा बोळा मारून बंद करू नये, कारण आतला ओलावा तिथेच अडकतो, आणि खोळीऐवजी तेलकट कापडात गुंडाळून द्यावी. परत आल्यावर पहिला बार काढण्याआधी तेल पूर्णपणे पुसून काढावे. नळीत साचलेल्या तेलाने दाब वाढतो आणि पहिली गोळी भलतीकडे जाते. त्याचबरोबर नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे. महिनाभर एका जागी उभ्या राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करू शकते, आणि त्या अडथळ्यावर झाडलेला बार नळी फोडू शकतो.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असते आणि तिची राख हवेतले पाणी ओढते. जुन्या साठ्यातल्या काही काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असते. ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते आणि तेही सुमारे ८४ टक्के आर्द्रतेला पाणी होऊन बसते. म्हणजे आपल्या पावसाळ्यात दररोजच. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, त्यामुळे नुसते तेल लावले तर ते तेलाखाली सुरक्षित राहून नळी खात बसतात. अशा बंदुकीसाठी गोळ्यांची मोजदाद करण्याचा प्रश्नच नाही : एकच बार काढला असला तरी त्याच संध्याकाळी कडकडीत पाणी नळीतून ओतावे, पाण्याच्या उष्णतेने नळी आपोआप सुकू द्यावी, कोरड्या चिंद्या फिरवाव्यात आणि पोलाद कोमट असतानाच तेल लावावे. दुसऱ्या दिवशी चिंदी पुन्हा एकदा फिरवून पाहावी. ती तांबूस आली तर पाण्यापासून सगळे पुन्हा करावे.

आधीच खड्डे पडलेल्या बॅरलचे काय, हा प्रश्न उरतो. वरवरचा गंज तेल आणि ब्राँझ ब्रश यांनी निघतो. खोल खड्डे निघत नाहीत, पण त्यांच्यासह रायफल चालू शकते. ती लवकर मळते, शिसे जास्त धरते आणि स्थिरावायला जास्त गोळ्या घेते. अशा बॅरलला वर दिलेल्या आकड्यांच्या निम्म्यावर सफाई द्यावी. तरीही दहा-दहाचे ग्रुप आटोक्यात येत नसतील तर घरी पॉलिश पेपर किंवा भांडी घासण्याची पावडर यांचे प्रयोग न करता परवानाधारक बंदूक-दुरुस्ती करणाऱ्याकडे रायफल द्यावी, आणि देताना आपली नोंदवहीही सोबत द्यावी.